७१८ केमनचे टायर: दोन बदलू की चार? आणि ‘एन’ खुणेचा हट्ट कितपत धरावा?

केमनस्वार (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाडी पोर्शे ७१८ केमन, साधी दोन लिटरची, एस नव्हे. २०१८ ची, १९ इंची रिम. पुढे २३५/४० झेडआर १९ ९२ वाय, मागे २६५/४० झेडआर १९ ९८ वाय. चारही पिरेली पी झिरो, एन१ खुणेचे (एन म्हणजे पोर्शेच्या मंजुरीची खूण), गाडीबरोबर आलेले. पुढच्या जोडीवर ३०१८ आणि मागच्या जोडीवर ३२१८ असा आकडा आहे. गाडी २१ हजार किलोमीटर चालली आहे.

डेप्थ गेजने घेतलेलं माप, बाहेरची कड, मध्य, आतली कड या क्रमाने, मिलिमीटरमध्ये:

पुढचे दोन्ही: ५.१, ५.०, ४.६
मागचा डावा: ३.६, ३.४, १.९
मागचा उजवा: ३.५, ३.४, २.३

वापर पुण्यातला. रविवारी सकाळी ताम्हिणी नाहीतर महाबळेश्वर, महिन्यातून दोनदा एक्स्प्रेसवेने मुंबई. ट्रॅकवर जात नाही, पण पावसाळ्यात गाडी झाकूनही ठेवत नाही.

विचारायचं ते असं:

१. पुढे पाच मिमी शिल्लक असताना चारही बदलणं म्हणजे पैशाची उधळपट्टी आहे का?
२. एन खुणेच्या मागच्या जोडीला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही म्हणतात. एक दुकानदार मागे २७५/३५ आर १९ लगेच बसवून द्यायला तयार आहे. त्याचं म्हणणं, ‘रुंद आहे, उलट पकड वाढेल.’ चालेल?
३. मागच्यांची आतली कडच का खाल्ली गेली? टायरमध्ये दोष असेल का?
४. बसवून घेताना समोर उभं राहून नेमकं काय बघायचं?

---

डेप्थगेज

माप तीन ठिकाणी घेतलंत हे उत्तम. बहुतेक जण मधल्या खोबणीत नाणं घालून ‘अजून आहे की’ म्हणतात. तुमच्या मागच्या डाव्या टायरचा मध्य ३.४ दाखवतोय, पण आतली कड १.९ वर आली आहे. कायद्याची मर्यादा १.६ मिमी. म्हणजे हा टायर संपलाच. पाऊस सुरू व्हायच्या आत काढा.

दोन की चार, याचं उत्तर गेजमध्ये नाही, त्या चार आकड्यांत आहे. ३०१८ म्हणजे २०१८ चा तिसावा आठवडा. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. त्यातली तेलं उडतात, उन्हाने आणि ओझोनने ते ताठर होतं, आणि कमी चालणाऱ्या गाडीत तर जास्तच, कारण टायर झिजून संपायच्या आधी वय होऊन संपतो. सहा वर्षांची मर्यादा पोर्शेही सांगते आणि ती तुमच्या चारही टायरांनी ओलांडली आहे. पुढचं चाक उचलून हाताने फिरवा आणि खोबणीच्या तळाशी टॉर्च मारा. केसासारख्या बारीक चिरा दिसल्या तर ५ मिमीचा हिशोब तिथेच मिटला.

चिरा नसल्या तरी मी चार बदला असंच म्हणेन. कारण असं: मागे ताजं, मऊ, साडेसात मिमीचं रबर आणि पुढे आठवणीपुरती पकड उरलेलं जुनं रबर, अशी जोडी बसली की गाडीचा स्वभाव बदलतो. केमनचं इंजिन मध्ये असल्यामुळे पुढच्या चाकांवर वजन मुळातच कमी, साधारण ४५ टक्के. ओल्या वळणावर स्टिअरिंग वळवलं तरी नाक सरळ जाऊ पाहील. ताम्हिणीत पावसात हे नको. पुढचे टायर तीनेक वर्षांचे असते तर मात्र फक्त मागचे दोन घ्या म्हटलं असतं. या गाडीत मागचे पुढच्यांच्या दीडपट-दुप्पट वेगाने झिजणं नेहमीचंच आहे, त्यामुळे मागच्या दोन जोड्यांमागे पुढची एक, असा हिशोब पडतो.

आता आतली कड. टायरचा दोष नाही. केमनची मागची चाकं कारखान्यातूनच वरच्या बाजूने किंचित आत कललेली असतात, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर, जेणेकरून वळणात बाहेरचा टायर पूर्ण टेकावा. सरळ रस्त्यावर त्यामुळे आतल्या कडेवर भार थोडा जास्त येतो. पण नुसता कॅम्बर टायर इतका खात नाही. खातो तो टो, म्हणजे चाकाचं सरळ दिशेपासून किंचित आत-बाहेर वळलेलं असणं. चाकाची दिशा ०.१ अंशाने चुकली, तर दर किलोमीटरला तो टायर सुमारे पावणेदोन मीटर आडवा घासत जातो. दहा हजार किलोमीटरला साडेसतरा किलोमीटर आडवं घासणं. ते सगळं घासणं कॅम्बरमुळे आतल्या कडेच्या वाट्याला येतं.

डावा १.९ आणि उजवा २.३ हा फरक लक्षात ठेवा. डाव्या बाजूचा टो जास्त बिघडलेला असावा. एखाद्या खड्ड्याचा प्रसाद. अलाइनमेंट केल्याशिवाय नवे टायर लावले तर पुढच्या पावसाळ्यात इथेच पुन्हा भेटू.

---

व्यासवाला

२७५/३५ बद्दल: नको. ‘रुंद म्हणजे पकड जास्त’ हे वाक्य ऐकलं की कॅल्क्युलेटर काढायचा.

बाहेरचा व्यास काढायचं सूत्र सोपं आहे. रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात साइडवॉलची उंची दोनदा मिळवायची. साइडवॉलची उंची म्हणजे रुंदीच्या तितके टक्के.

पुढे २३५/४०-१९: ४८२.६ + १८८ = ६७०.६ मिमी
मागे २६५/४०-१९: ४८२.६ + २१२ = ६९४.६ मिमी

मागचं चाक पुढच्यापेक्षा ३.५८ टक्के मोठं. गाडीच्या स्थिरता यंत्रणेला, म्हणजे पीएसएमला, हे प्रमाण माहीत असतं. चारही चाकांचा वेग ती सतत ताडून बघते आणि मागचं चाक अपेक्षेपेक्षा जास्त फिरलं की ‘घसरलं’ असं समजते.

२७५/३५-१९: ४८२.६ + १९२.५ = ६७५.१ मिमी

आता मागचं चाक पुढच्यापेक्षा जेमतेम ०.७ टक्के मोठं उरलं. मूळ मापापेक्षा ते प्रत्येक किलोमीटरला सुमारे २.९ टक्के जास्त फेरे घेणार. म्हणजे ताशी १०० ला यंत्रणेला जवळजवळ ३ किलोमीटरची खोटी घसरण कायम दिसत राहील. थोडा फरक ती सहन करते, करावाच लागतो, कारण नवा टायर झिजून तुमच्यासारखा होईपर्यंत व्यास ११ मिमीने, म्हणजे दीड टक्क्याच्या वर, कमी होतो. पण २.९ टक्के फरक पहिल्याच दिवशी आणि वर झीज, म्हणजे सहनशक्ती संपली. मग कोरड्या रस्त्यावर विनाकारण दिवा लुकलुकतो, ताकद कापली जाते. त्याहून वाईट म्हणजे चालक वैतागून पीएसएम बंद करून गाडी चालवायला लागतो.

आणखी एक खोच. २७५/३५ आर १९ हा साध्या रूपात ९६ भारांकाचा असतो, म्हणजे एक टायर ७१० किलो पेलतो. तुमच्या गाडीला ९८ हवा, ७५० किलो. एक्सएल, म्हणजे जास्त भार पेलणारा, घेतला तर १०० मिळतो, पण ‘लगेच बसवून देतो’ म्हणणाऱ्याने हे बघितलं असेल असं वाटत नाही.

वेगाचं अक्षरही बघा. साध्या केमनचा कमाल वेग ताशी २७५ आहे. डब्ल्यू अक्षर २७० पर्यंतच. म्हणून वाय, म्हणजे ३००. आपण कुठे तेवढं चालवतो, हे खरं, पण वाय टायरची आतली बांधणीच वेगळी असते आणि मे महिन्यात तापलेल्या काँक्रीटवर ताशी १०० ने तासभर चालताना तीच बांधणी उष्णता झेलते.

आता गंमत म्हणून एक जोडी सांगतो. पुढे २४५/४०-१९ म्हणजे ६७८.६, मागे २७५/४०-१९ म्हणजे ७०२.६. प्रमाण ३.५४ टक्के! मूळ ३.५८. दोन्ही टोकं १.२ टक्क्याने मोठी, पण नातं तेच. हे दोन्ही साइज जर्मन सेडानमुळे आपल्याकडे बरे मिळतात. कागदावर तरी ही जोडी बसते.

---

टायरगल्ली

व्यासवाले, गणित चोख आहे, पण ते कागदावरच राहू द्या. एक तर ते साइज ज्या सेडानसाठी येतात, त्यांतले बरेच रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं चालणारे, असतात. बीएमडब्ल्यूचा तारा किंवा मर्सिडीजची एमओई खूण दिसली की साइडवॉल नीट वाचा. रनफ्लॅटची कडक साइडवॉल केमनच्या सस्पेन्शनला मानवत नाही. गाडी उसळते आणि स्टिअरिंगमधून येणारी जाणीव बोथट होते. दुसरं, गाडीच्या टायर प्रेशरच्या मेनूत तो साइजच नाही. तिसरं, मंजूर नसलेला साइज म्हणजे विम्याच्या दाव्याच्या वेळी सर्व्हेअरला बोट ठेवायला आयती जागा. मूळ साइज सोडू नका.

आता ‘एन’चं प्रकरण. एन खूण म्हणजे तो टायर पोर्शेने त्या गाडीवर तपासून मंजूर केला आहे. एन०, एन१, एन२ ही प्रत नव्हे, आवृत्ती. एन० पहिली, पुढे त्याच टायरच्या मिश्रणात किंवा बांधणीत बदल केला की एन१. आकडा मोठा म्हणून टायर भारी, असं नाही. नियम एवढाच की एका वेळी गाडीवर चारही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि शक्यतो एकाच एन आकड्याचे असावेत. पुढे एन१ आणि मागे बिनखुणेचा, ही खिचडी सर्वांत वाईट. दोन्ही नुसते पी झिरो असले तरी आतून वेगळे असू शकतात.

हट्ट किती धरावा? गाडी अजून कंपनीच्या किंवा वाढीव वॉरंटीत असेल तर धरा, वाट पाहा. वॉरंटी संपली असेल तर चारही एकदम बदलताना, त्याच साइजचे, त्याच किंवा जास्त भारांकाचे, वाय अक्षराचे, नामांकित कंपनीचे बिनखुणेचे उन्हाळी टायर लावायला हरकत नाही. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४ एस मध्ये हे दोन्ही साइज एक्सएल रूपात बनतात, पुढे ९६ वाय, मागे १०२ वाय. ओल्यात तो खूप चांगला आहे आणि तुमच्या वापराला साजेसा. पिरेलीच्या स्टिअरिंगची पहिली हालचाल जास्त तल्लख, मिशेलिन थोडा शांत पण टिकाऊ, हा माझा कल. साइडवॉलवरच्या ट्रेडवेअरच्या, म्हणजे झिजेच्या, आकड्यावरून दोन कंपन्यांची तुलना मात्र करू नका. तो आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवून छापते.

एक्सएल म्हटल्यावर लोक हवा वाढवतात. गरज नाही. ९६ एक्सएल त्याचे पूर्ण ७१० किलो २.९ बारला पेलतो. साधा ९२ त्याचे ६३० किलो २.५ बारला. २.५ बारला दोघांत जवळपास फरक नाही. गाडीच्या स्टिकरवरची हवा तीच ठेवायची. त्याच्या खाली जायचं नाही, एवढंच.

वाट का पाहावी लागते, तेही सांगतो. १२ जून २०२० ला विदेश व्यापार महासंचालनालयाने मोटारींच्या नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली. म्हणजे परवाना लागतो. त्याशिवाय भारतात विकायच्या टायरवर भारतीय मानक आयएस १५६३३ ची आयएसआय खूण लागते. २६५/४० आर १९ सारखा थोड्याच गाड्यांना लागणारा साइज मग वर्षातून मोजक्या खेपांत येतो. ‘दुबईच्या भाच्याला सांगतो’ हा उपाय सुचलाच असेल. कुरिअरने आला तरी ती आयातच, आणि आयएसआय खूण नसलेला टायर कस्टममध्ये अडकला की भाड्यासकट बुडतो.

मागवताना लेखी घ्या: साइज, भारांक, अक्षर, एन खूण हवी असल्यास तिचा आकडा, आणि निर्मितीचा आठवडा. एका ॲक्सलवरच्या दोन टायरांत काही आठवड्यांहून जास्त अंतर नको, आणि दीड वर्षापेक्षा जुना माल नको. नीट ठेवलेला एक वर्षाचा टायर मात्र खुशाल घ्या. त्यावर ‘जुना’ म्हणून सूट मिळाली तर आणखी चांगलं.

आयत्या वेळी काहीच मिळालं नाही तर आणखी एक वाट आहे. साध्या केमनला कारखान्यातूनच १८ इंची रिम यायचे, पुढे २३५/४५, मागे २६५/४५. मागची साइडवॉल १०६ ऐवजी ११९ मिमी. आपल्या खड्ड्यांना हेच शहाणपणाचं. पण २६५/४५ आर १८ हा साइज आणखीच दुर्मीळ, त्यामुळे रिमवर पैसे घालण्याआधी टायर हातात असू द्या. २० इंचाच्या मोहात पडू नका. मागे ९३ मिमी आणि पुढे ८२ मिमी साइडवॉलवर रात्रीचा न दिसलेला खड्डा म्हणजे रिमला चीर.

---

केमनस्वार

बरंच डोक्यात शिरलं. चार बदलतो. वॉरंटी संपली आहे, तेव्हा बिनखुणेचा मार्गही मोकळा आहे. दोन शंका. पुढे कधी एकच टायर फुटला तर पुन्हा जोडी घ्यावी लागते का? आणि पंक्चर झालं तर दुरुस्त करावं की फेकावं? गाडीत स्टेपनी नाही, सीलंटची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर आहे.

---

डेप्थगेज

एकाच ॲक्सलवरच्या दोन टायरांत ट्रेडचा फरक ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको, हा पोर्शेचा नियम धरा. नवा साडेसातचा असेल तर दुसरा निदान सव्वापाच मिमीचा हवा. म्हणजे जोडी नवी असताना एकच बदलून भागतं, अर्ध्यावर आल्यावर भागत नाही.

पंक्चरला पोर्शेचा सल्ला ‘बदला’ असाच आहे. व्यवहारात: खिळा ट्रेडच्या मधल्या भागात, भोक ६ मिमीपेक्षा लहान आणि टायर हवेविना चालवलेला नसेल, तर रिमवरून उतरवून आतून मश्रूम पॅच मारता येतो. खांद्यावर किंवा साइडवॉलला असेल तर टायर गेला. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याची बाहेरून खुपसायची रबरी दोरी फक्त घरी पोचण्यापुरती. तिने आतला स्टीलचा पट्टा उघडा पडतो, पाणी शिरतं आणि गंज वर्षभरात आतून पसरतो, बाहेरून काहीच दिसत नाही. पॅच मारलेला टायर मागे असेल तर वेग आवरता ठेवा.

हवा गेलेली असताना ‘पंप दोनशे मीटरवर तर आहे’ म्हणून चालवलंत की साइडवॉल आतून सोलली जाते. टायर उतरवल्यावर आत काळा भुगा दिसला तर दुरुस्तीचा विचारही करायचा नाही.

सीलंट भरलं तर ८० च्या वर जायचं नाही, आणि टायरवाल्याला आधी सांगायचं. नाहीतर तो उतरवताना अंगावर उडतं आणि हवेच्या दाबाच्या सेन्सरचं भोकही बुजलेलं असतं.

---

टॉर्कपाना

चौथा प्रश्न माझा. पैसे टायरवर जातात, पण वाट लागते ती बसवताना.

दुकान निवडताना एकच विचारा: लीव्हर न लावता टायर उतरवणारं मशीन आहे का? ४० आणि त्याखालच्या साइडवॉलला लोखंडी पट्टी घातली की रिमची कड ओरखडलीच म्हणून समजा, आणि टायरची मणी, म्हणजे रिमवर बसणारी तारेची कड, फाटली तर हवा आयुष्यभर झिरपते.

गाडी उचलताना जॅक फक्त ठरलेल्या चार जागी, मध्ये रबरी ठोकळा ठेवून. खालचं सगळं प्लास्टिकच्या पत्र्याने झाकलेलं असतं, चुकीच्या जागी टेकवलं तर ते कडाड करून फुटतं. चोर बोल्टचा, म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या बोल्टचा, पाना टूलकिटमध्ये असतो, तो आधीच काढून हातात द्या. त्यावर इम्पॅक्ट गन चालवू द्यायची नाही. त्याचे बारीक दात एकदा घसरले की बोल्ट ड्रिल करून काढावा लागतो. कॅलिपर पिवळे असतील तर डिस्क सिरॅमिकच्या आहेत. चाक काढताना-घालताना बोल्टच्या भोकात मार्गदर्शक पिन लावा, नाहीतर रिमचा धक्का बसून डिस्कची कड उडते आणि एका डिस्कच्या किमतीत बरंच काही येतं.

टायर सोडवताना सेन्सर व्हॉल्व्हच्या मागेच असतो हे कारागिराला आठवण करून द्या. दाबायचा पट्टा व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला, व्हॉल्व्हपाशी नाही. सेन्सर २०१८ चे असतील तर बॅटरी उतारवयात आहे. टायर उतरलेलेच आहेत तर चारही सेन्सर आत्ताच बदला, गाडीच्या चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून. दोन वर्षांनी त्यासाठी पुन्हा चारही टायर उतरवायचे म्हणजे मजुरी, बॅलन्सिंग सगळं दुप्पट. नाही बदललेत तरी व्हॉल्व्हची सील आणि पिन नवी घालाच.

नवा टायर चढवताना बाहेरची बाजू बघा. असे टायर असममित असतात, साइडवॉलवर इंग्रजीत ‘आउटसाइड’ लिहिलेलं असतं, ते बाहेरून वाचता आलं पाहिजे. उलटा बसवला तरी फिरतो, म्हणून चूक कुणाच्या लक्षात येत नाही. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी ठेवा. ती टायरची हलकी बाजू, त्यामुळे वजनं कमी लागतात. मणीला टायर पेस्ट लावायची, ग्रीस किंवा ऑइल नाही, ते रबर खातं आणि जोरात ब्रेक मारला की टायर रिमवर सरकतो. मणी बसवताना २.८ बारच्या वर हवा नको. बसत नसेल तर हवा सोडा, पुन्हा पेस्ट लावा, पुन्हा भरा.

बॅलन्सिंगची वजनं रिमच्या आतून चिकटवायची. आधी जुन्या वजनांचा गोंद पूर्ण खरवडायचा, नाहीतर धुताना ती गळतात. एका चाकाला ८०-१०० ग्रॅम मागायला लागलं तर थांबवा. टायर रिमवर १८० अंश फिरवून पुन्हा बघा. तरीही तेच, तर रिम वाकला आहे का ते डायलने मोजा.

बोल्ट हाताने पूर्ण आत जाईपर्यंत फिरवायचे, मग ताऱ्याच्या क्रमाने, शेवटी टॉर्क पान्याने १६० न्यूटन मीटर. पोर्शेच्या बोल्टवर फिरणारी गोल टोपी असते. ठरलेलं ॲल्युमिनियम ग्रीस आट्यांवर आणि टोपी व बोल्टच्या डोक्याच्या मध्ये अगदी पातळ, पण रिमला टेकणाऱ्या टोपीच्या तोंडावर अजिबात नाही. बऱ्याच ठिकाणी उलटं करतात. १०० किलोमीटर झाल्यावर टॉर्क पुन्हा तपासा.

अलाइनमेंट त्याच दिवशी, नव्या टायरांवर. आधी फक्त मोजायला सांगा आणि तो कागद छापून घ्या. मग मागचा कॅम्बर, मागचा टो, आणि शेवटी पुढचा टो, याच क्रमाने. मागचं आधी, कारण गाडी सरळ कुठे जाते ते मागची चाकं ठरवतात. पुढचं आधी केलं तर स्टिअरिंग वाकडं राहतं. मागे हे कोन बदलायला फिरकी बोल्ट असतात. बरीच वर्षं हललेले नसतील तर गंजून जाम असतात. ‘साहेब, मागे ॲडजस्ट होत नाही’ हे उत्तर आलं तर तिथून निघा. होतं. आणि डावा टो मर्यादेत येतच नसेल तर आर्म वाकलाय किंवा बुश गेलंय, मशीनवर कितीही वेळ घालवला तरी उपयोग नाही.

---

व्यासवाला

पावसाच्या निमित्ताने एक जुनं सूत्र. टायर पाण्यावर तरंगायला लागतो तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो: ताशी मैलांत १०.३५ गुणिले वर्गमूळ, दाब पीएसआयमध्ये. ते मुळात विमानाच्या चाकांसाठी निघालं आणि गुळगुळीत टायर धरून आहे, म्हणून शब्दशः घेऊ नका. पण ३३ पीएसआयला ते ताशी ९६ किलोमीटर येतं, म्हणजे एक्स्प्रेसवेच्या १०० च्या मर्यादेच्या आतच! तुमच्या मागच्या टायरची आतली कड १.९ वर आहे, म्हणजे त्या पट्ट्यात तो गुळगुळीताच्या जवळ गेला. हवा २८ वर उतरली तर हाच आकडा ८८ वर येतो. केमनसारख्या हलक्या गाडीचे रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतात. म्हणून १.६ हा आकडा आरटीओसाठी, आपल्यासाठी तीन मिमी.

पुण्यात डिसेंबरच्या पहाटे १२ अंश आणि मेमध्ये ३८. तेवढ्या फरकाने त्याच टायरमधली हवा चारएक पीएसआयने बदलते. हिवाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर तपासा. पंपावर पोचेपर्यंत टायर तापलेला असतो, तिथे ‘जास्त दिसतेय’ म्हणून हवा सोडली की सकाळी कमी भरते.

---

केमनस्वार

ठरलं. बिनखुणेची मिशेलिनची जोडी पुढची-मागची एकाच दुकानातून, आठवडा लेखी घेऊन. सेन्सरही बदलतो. २७५ वाल्याला नाही कळवलं. शेवटचं: नवे सेन्सर घातल्यावर कार्यशाळेत कॉम्प्युटर लावावा लागतो का? आणि नवे टायर लगेच ताम्हिणीत नेता येतील?

---

टॉर्कपाना

बहुतेक वेळा नाही लागत. गाडी उभी असताना टायर प्रेशरच्या मेनूत जाऊन टायरचा प्रकार आणि १९ इंची साइज पुन्हा निवडा, साइज तोच असला तरी. मग थोडा वेळ सलग चालवा. तोपर्यंत आकड्यांच्या जागी रेघा दिसतील, घाबरू नका. अर्ध्या तासानंतरही एखाद्या चाकाची रेघ गेली नाही तर तो सेन्सर चुकीच्या पार्ट नंबरचा आहे किंवा बसवताना तुटला आहे.

पहिले दोनशे किलोमीटर हळू. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा थर असतो, तो झिजेपर्यंत पकड अर्धवट, आणि ओल्यात तर विचारूच नका. आधी मुंबईला जाऊन या, कोरड्या दिवशी. ताम्हिणी पुढच्या रविवारी. आणि निघण्याआधी ते बोल्ट १६० ला पुन्हा बघा.